पालकांना सूचित करण्यात येते की…

या, बसा. चहा सांगतो. ग्वाल्हेरच्या जयेंद्रगंजातल्या कुठल्याही मराठी घरात संध्याकाळी साडेसातला गेलात तर चहा जरूर मिळेल, पण तुमच्याशी बोलायला माणूस मोकळा सापडेलच असं नाही. शाळा दीडला सुटलेली असते. मुलं घरी येऊन, जेवून, एक झोपही काढून उठलेली असतात. आणि तरीही आई वहीला कव्हर घालत असते, वडील मोबाइलवर उद्याची सूचना वाचत असतात, आजी कापसाचे ढग चिकटवत असते. शाळा सुटली म्हणजे तिचं कामकाज आपल्या घरी हललं, एवढाच अर्थ आता उरला आहे.

माझी सगळी नोकरी इथल्या एजी ऑफिसात, म्हणजे महालेखाकारांच्या कार्यालयात गेली. दुसऱ्यांच्या हिशेबातले आक्षेप काढणं हे तिथलं काम. कागद नीट वाचायचा, नियम काढायचा, खर्च कोणाच्या खात्यावर पडायला हवा होता आणि पडला कोणाच्या, ते लिहायचं. नातू चौथीत गेल्यापासून मी शाळेचे कागद त्याच नजरेने वाचतो. तुमच्याही घरी नातवंडं आहेत म्हणून तुमच्याशी बोलतो. बाहेर हा विषय काढला की लोक म्हणतात, आजोबा, जाऊ द्या, सगळीकडे असंच चाललंय. सगळीकडे असंच चाललंय, हे कुठल्याही आक्षेपाचं उत्तर होत नाही.

आधी वेळेचं घ्या. शाळेचा निरोप रात्री नऊच्या सुमारास येतो. उद्या मुलांनी पिवळा शर्ट घालून यावं. उद्या हिरवा चार्टपेपर, दोन आइस्क्रीमच्या काड्या आणि एक रिकामी बाटली पाठवावी. त्या वेळेला नई सडकेवरची आणि दौलतगंजातली कागदाची दुकानं शटर ओढत असतात. मुलाचा बाप ऑफिसातून येऊन नुकता पाटावर बसलेला असतो, तो तसाच उठतो. जानेवारीत कलेक्टरसाहेबांचा आदेशही रात्रीच येतो, की थंडीमुळे उद्या लहान वर्गांना सुट्टी. त्याबद्दल माझी तक्रार नाही. ग्वाल्हेरची थंडी आणि धुकं कोणाला विचारून पडत नाही, आणि आदेश वेळेत निघाला तर पोरं वाचतात. पण पिवळा शर्ट वसंत पंचमीसाठी हवा होता, आणि वसंत पंचमी पंचांगात वर्षभर आधी छापलेली असते. जे वर्षभर आधी ठाऊक असतं ते आदल्या रात्री कळवणं ही अडचण नव्हे, ती सवय आहे. यावर उपाय साधा आहे. महिन्याच्या पहिल्या तारखेला एक कागद, त्या महिन्यात काय काय लागेल ते त्यावर, आणि दुपारी चारनंतर निरोप बंद. याला पैसा लागत नाही, समिती लागत नाही. संध्याकाळ ही घराच्या मालकीची आहे एवढं शाळेने मान्य करायला लागतं.

आता कव्हरचं बघा. खाकी कागद, त्यावर प्लास्टिक, त्यावर लेबल, लेबलावर नाव, इयत्ता, तुकडी, विषय, सगळं एका अक्षरात. कव्हर घालणं ही एक विद्या आहे. वही उघडी धरून कागदावर मधोमध ठेवायची, चारही बाजूंनी तीन बोटं कागद सोडायचा, पाठीच्या कण्यापाशी वर आणि खाली दोन तिरके छेद द्यायचे, तो तुकडा आत दुमडायचा, मग पुठ्ठा मिटून घडी नखाने दाबायची. कण्यापाशी छेद दिला नाही तर वही मिटत नाही, आणि जोर करून मिटली तर कव्हर कोपऱ्यात फाटतं. मी हे दुसरीत असताना वर्तमानपत्राच्या कागदावर शिकलो. पहिली कव्हरं वाकडी झाली, मग सरळ व्हायला लागली. माप, काटकोन, मध्यरेषा हे शब्द पुढे पाचवीत आले तेव्हा हाताला ते आधीच ओळखीचे होते. आज नातवाला कव्हर घालू दिलं तर ते वाकडं होतं, आणि वाकडं झालं की डायरीत शेरा येतो. म्हणून सूनबाई रात्री अकरापर्यंत बसून सगळ्या वह्यांना कव्हरं घालतात आणि शेरा टळतो. मुलाने एक हुन्नर शिकायचा होता तो राहिला, आईची झोप गेली, आणि नीटनेटकेपणाचे गुण मुलाच्या नावावर जमा झाले. माझ्या ऑफिसात अशा नोंदीला चुकीच्या लेखाशीर्षाखाली केलेली नोंद म्हणत, आणि ती परत पाठवत.

दप्तर उचलून बघा, म्हणजे माझं म्हणणं पटेल. नातवाचं वजन पंचवीस किलो. केंद्र सरकारने 2020 साली दप्तराचं धोरण काढलं. त्यात दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आत असावं असं म्हटलं आहे, आणि तिसरी ते पाचवीच्या मुलांसाठी 1.7 ते 2.5 किलो असा आकडाही दिला आहे. घरातल्या हुकाच्या काट्याला हे दप्तर लावलं तेव्हा काटा पाचाच्या जवळ गेला. वर्ग दुसऱ्या मजल्यावर आहे. ही ओझ्याची गोष्ट काही आजच कोणाच्या लक्षात आलेली नाही. आर. के. नारायण राज्यसभेत नेमले गेले तेव्हा त्यांनी आपल्या पहिल्याच भाषणात मुलांच्या पाठीवरच्या ओझ्याचा विषय काढला. एवढा मोठा कादंबरीकार, देशाच्या सभागृहात पहिल्यांदा उभा राहतो आणि दप्तरावर बोलतो. त्यानंतर प्राध्यापक यशपाल यांची समिती बसली आणि तिचा अहवाल 1993 साली आला. ओझं नुसतं पाठीवर नाही, न समजलेलं पाठ करण्याचं ओझं त्याहून मोठं आहे, हे त्या अहवालाने सांगितलं. त्याला तीस वर्षं उलटून गेली. तेव्हा चौथीत असलेली मुलं आज स्वतः चौथीच्या मुलांचे आईबाप आहेत आणि सकाळी तेच दप्तर व्हॅनमध्ये चढवून देताहेत.

दप्तर जड का होतं, हेही मी पाहिलं. वेळापत्रकात सहा तास आहेत, पण त्यातला कोणता तास खरोखर होईल हे सांगता येत नाही. हिंदीच्या मॅडम नसल्या की गणित, गणित लवकर आटोपलं की कॉम्प्युटरचं पुस्तक. म्हणून मुलगा सगळीच पुस्तकं नेतो. प्रत्येक विषयाला पुस्तक, वर्कबुक, वर्गाची वही, घरची वही आणि परीक्षेची वही. वर्गात भिंतीला एक फळी ठोकली आणि अर्धी पुस्तकं तिथे ठेवली तर निम्मं ओझं आजच्या आज उतरेल. फळीला किती खर्च येतो ते जयेंद्रगंजातला कोणीही सुतार सांगेल.

पुस्तकांचा विषय निघाला आहे तर दुकानाचंही सांगितलं पाहिजे. एनसीईआरटीचं प्राथमिकचं पुस्तक साठ-पासष्ट रुपयांना मिळतं. यादीत मात्र खासगी प्रकाशकांची पुस्तकं असतात, त्याच्या पाच-सहा पट किमतीची, आणि ती शहरातल्या एकाच दुकानात मिळतात. गेल्या वर्षीचं पुस्तक धाकट्याला चालत नाही, कारण दोन धडे पुढेमागे केलेले असतात. मध्यप्रदेशात खासगी शाळांच्या फीवर 2017 चा कायदा आहे. फी दहा टक्क्यांहून जास्त वाढवायची तर जिल्हा समितीची मान्यता लागते. कुठल्या एका दुकानातूनच पुस्तकं किंवा गणवेश घ्या, अशी सक्ती करता येत नाही. म्हणजे पालकाच्या हातात कायदा आहे. 2024 च्या मे महिन्यात जबलपूरच्या प्रशासनाने अकरा खासगी शाळांवर गुन्हे नोंदवले, फीवाढीबद्दल आणि पुस्तकांच्या व्यवहाराबद्दल, तेव्हा हा कायदा नुसता छापलेला नाही हे सगळ्यांनी पाहिलं. पण पालक बोलत नाही. मुलगा त्याच वर्गात बसणार आहे, ही भीती कुठल्याही कायद्याच्या कलमात येत नाही. म्हणून तक्रार पालकाने करायचीच वेळ येऊ नये. एप्रिलच्या आधी प्रत्येक शाळेची पुस्तकांची यादी आणि किमती जिल्हा शिक्षण कार्यालयाने फळ्यावर लावाव्यात. हिशेब उघड्यावर मांडला की पुष्कळशा गोष्टी आपोआप सरळ होतात, हा माझा नोकरीभराचा अनुभव आहे.

आणि क्रमांक! चौथीतल्या मुलाला आधारचा बारा आकडी क्रमांक आहे. राज्य सरकारच्या समग्र नोंदणीचा नऊ आकडी आहे. विद्यार्थ्यांच्या अपार ओळखीचा पुन्हा बारा आकडी. म्हणजे तेहतीस आकडे झाले, आणि त्यात शाळेचा स्कॉलर नंबर अजून धरलेला नाही. एवढ्या आकड्यांनी मुलगा ओळखला जात असेल तर मला आनंदच आहे. पण तो ओळखला जात नाही. आपल्याकडे मुलाच्या नावापुढे बापाचं नाव आणि मग आडनाव लावायची रीत. आधारवर तसं आहे. शाळेच्या फॉर्ममध्ये मधल्या नावाला जागाच नव्हती, म्हणून तिथे नाव आणि आडनाव एवढंच. समग्रमध्ये वडिलांचं नाव मुलाच्या नावाला जोडून एक लांबच लांब शब्द तयार झाला आहे. तिन्ही ठिकाणी तोच मुलगा, तोच पत्ता, तीच जन्मतारीख, पण मशीनच्या मते ही तीन मुलं आहेत. लष्कर, म्हणजे शहराचा आमचा हा भाग, वसलं ते 1810 मध्ये दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून. दोनशे वर्षं झाली, या शहरात मराठी नावं काही काल आलेली नाहीत. जुळणी व्हावी म्हणून सूनबाई सुट्टी काढून रांगेत उभ्या राहिल्या. रांगेत निम्मी आडनावं आपलीच होती.

इथे शाळेतल्या मॅडमवर राग काढायचा मोह होतो. तो काढू नका. आमच्या गल्लीत सरकारी शाळेतल्या एक शिक्षिका राहतात. त्यांना मी सकाळी निघताना पाहतो आणि संध्याकाळी परत येताना पाहतो. हातात नेहमी एक जाडजूड फाइल असते, आणि तिच्यात मुलांच्या वह्या नसतात. मतदार याद्यांचं काम असतं, पडताळणीचे फॉर्म असतात, पोर्टलवर चढवायचे आकडे असतात. शिक्षण हक्काचा कायदा 2009 चा, 1 एप्रिल 2010 पासून लागू. त्याचं सत्ताविसावं कलम मी अनेकांना वाचून दाखवलं आहे. शिक्षकाला शिकवण्याबाहेरची कामं देऊ नयेत, असं ते म्हणतं. अपवाद तीन: दर दहा वर्षांची जनगणना, आपत्तीतलं मदतकार्य आणि निवडणुका. वाचताना वाटतं, तीनच तर अपवाद. पण निवडणूक आता पाच वर्षांतून एकदा येत नाही. लोकसभा, विधानसभा, नगरपालिका, पंचायत, आणि त्यांच्या मधल्या काळात याद्यांची दुरुस्ती. त्यात 2027 ची जनगणना आहेच. त्याच कायद्याने पहिली ते पाचवीला वर्षात 200 दिवस आणि 800 तास शिकवणं बंधनकारक केलं आहे. दोन्ही कलमं एकाच शिक्षिकेच्या डोक्यावर आहेत आणि तिचा दिवस एकच आहे.

याचा परिणाम कागदावरही दिसतो. ‘असर’ या शालेय शिक्षणाच्या अहवालासाठी झालेल्या 2024 च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांमधली तिसरीची मुलं दुसरीचा उतारा वाचू शकतात का, ते बघितलं. वाचू शकणारी निघाली 23.4 टक्के. आणि ही सुधारणा आहे. 2022 मध्ये हाच आकडा 16.3 होता. शंभरातल्या शहात्तर-सत्त्याहत्तर मुलांना तो उतारा वाचता येत नाही, आणि आपण त्यांना पुढच्या वर्गात बसवून पुढचं पुस्तक हातात देतो. वाचायला शिकवणं हे एका माणसाने दुसऱ्या माणसाशेजारी बसून करायचं काम आहे. बोट शब्दाखाली, कान मुलाच्या उच्चाराकडे, आणि अडला की थांबायचं. त्याला वेळ लागतो. तो वेळ आपण फायलीत घातला. माझं म्हणणं एवढंच, की प्रत्येक मोठ्या सरकारी शाळेला एक कारकून द्या. पोर्टल त्याने भरावं, याद्या त्याने कराव्यात. शिक्षिकेचा तास शिक्षिकेला परत करा.

खासगी शाळेत फायली कमी, पण तिथे तास वेगळ्या वाटेने जातो. लक्ष्मीबाई कॉलनीत संध्याकाळी गेलात तर शाळेचाच गणवेश घातलेली मुलं कोचिंगच्या जिन्यांवरून वर-खाली करताना दिसतील. सकाळी जे शिकवायचं होतं ते संध्याकाळी दुसरीकडे पैसे देऊन शिकायचं. पूर्वी हे बारावीला होतं, मग दहावीला आलं, आता सहावीच्या मुलांसाठीही पाट्या लागल्या आहेत. आणि चौथीला काय? चौथीचं कोचिंग घरीच असतं. ते आपण चालवतो. दप्तराच्या त्याच 2020 च्या धोरणाने गृहपाठाचीही मर्यादा घातली आहे. दुसरीपर्यंत अजिबात नाही, तिसरी ते पाचवी आठवड्याला फार तर दोन तास. आठवड्याला! आमच्याकडे दोन तास सोमवारीच संपतात.

या सगळ्याची किंमत कशात मोजायची, ते सांगतो. आमच्या घरात संध्याकाळचा सात ते आठ हा तास मराठीचा होता. माझ्या आजोबांनी तो माझ्या वडिलांना दिला, वडिलांनी मला दिला, मी माझ्या मुलाला दिला. त्या तासात गोष्टी, कविता, भेंड्या, मोठ्याने वाचन. शाळेत हिंदी आणि इंग्रजी, बाजारात हिंदी, अंगणात मित्रांशी हिंदी. तरीही चार पिढ्या मराठी टिकली ती या एका तासावर. ग्वाल्हेर हे राजकवी भा. रा. तांब्यांचं शहर आहे. 1941 साली ते इथेच वारले. 1961 साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इथे भरलं, कुसुमावती देशपांडे अध्यक्ष होत्या, त्या मानाच्या पदावर बसलेल्या पहिल्या महिला. माझे वडील त्या मांडवात बसून आलेले होते. आज नातू मराठी बोलतो, पण वाचताना अडखळतो. कारण सात ते आठ या वेळात तो ‘माय फेव्हरेट अ‍ॅनिमल’वर दहा ओळी दोनदा लिहीत असतो, एकदा वर्गाच्या वहीत आणि एकदा घरच्या वहीत. नवीन शिक्षण धोरण पाचवीपर्यंत शक्य तिथे घरच्या भाषेत शिकवा म्हणतं. जयेंद्रगंजातल्या मूठभर घरांसाठी सरकारने मराठी शाळा काढावी असं मी म्हणत नाही. मी फक्त म्हणतो, आमचा तास आम्हाला सोडा. भाषा आम्ही सांभाळू. शाळेने तो तास घेतला, त्याची पावतीही दिली नाही.

गाण्याचंही तेच झालं. या शहरात कृष्णराव शंकर पंडितांनी 1914 साली गाण्याची शाळा काढली. 1918 मध्ये भातखंड्यांच्या मार्गदर्शनाखाली माधवराव शिंद्यांनी माधव संगीत विद्यालय सुरू केलं. युनेस्कोने 2023 साली ग्वाल्हेरला संगीताचं शहर म्हणून मान दिला. नातवाच्या वेळापत्रकात आठवड्यातून एकदा संगीत लिहिलेलं आहे, शुक्रवारी शेवटचा तास. परीक्षा जवळ आली की तो तास गणिताला जातो. परीक्षा कायमच जवळ आलेली असते. आणि स्नेहसंमेलनाला स्पीकरवर गाणं लागतं, मुलं ओठ हलवतात. वेशभूषेचे पैसे वेगळे.

पण या सगळ्यावर कळस केला तो शून्याने. नातवाला प्रकल्प मिळाला: शून्याचा शोध. मोठ्या चार्टपेपरवर माहिती आणि चित्रं, सजावटीसह. निरोप रात्री आला, हे वेगळं सांगायला नको. फोटोकॉपीच्या दुकानात आर्यभटाचं रंगीत चित्र तयारच होतं, कारण शहरातल्या प्रत्येक शाळेत कधी ना कधी हाच प्रकल्प असतो. चित्र घेतलं, छापलेला मजकूर घेतला, डिंक लावला, चमचमती किनार चिकटवली. नातवाने हातभार लावला तो किनारीला. दुसऱ्या दिवशी चार्टवर ‘व्हेरी गुड’ आलं. छापलेला मजकूर त्याने वाचला होता का, हे कोणी विचारलं नाही, शाळेनेही नाही आणि त्या रात्री घरातल्या कोणीही नाही. सगळ्यांना झोपायचं होतं.

आणि ते शून्य आहे कुठे? ते आपल्या किल्ल्यावर आहे. गूजरी महालाकडून किल्ल्याचा चढ चढायला लागलात की वाटेत चतुर्भुज मंदिर लागतं, एका खडकात कोरलेलं, लहानसं. आत भिंतीवर शिलालेख आहे, इसवी सन 876 चा. देवळाला फुलांसाठी एक बाग दिली, तिची लांबी 270 हात आणि रुंदी 187 हात, आणि रोज 50 माळा द्यायच्या, असा त्यातला व्यवहार. त्या 270 मधलं शेवटचं शून्य आणि 50 मधलं शून्य, दोन्ही दगडात कोरलेली आहेत. लहानशी, गोल, बाकीच्या अंकांहून जरा बुटकी. भारतातल्या अगदी जुन्या, साल लिहिलेल्या शून्यांमध्ये त्यांची गणना होते. गणिताचा इतिहास लिहिणारे लोक समुद्र ओलांडून ते बघायला येतात. आणि जयेंद्रगंजातला चौथीतला मुलगा रिक्षाने अर्ध्या तासात तिथे पोचू शकत असताना शून्याचं चित्र दुकानातून विकत आणतो.

नव्या शिक्षण धोरणाने दप्तराशिवायचे दहा दिवस सुचवले आहेत, सहावी ते आठवीसाठी. चौथीसाठी एक दिवस मी मागतो. शाळेसाठी तसा अर्ज लिहून ठेवला आहे, उद्या देणार आहे. त्यात सविस्तर लिहिलं आहे, पण तुम्हाला थोडक्यात सांगतो. मुलांना चतुर्भुज मंदिरात न्यावं. बॅटरीच्या उजेडात प्रत्येकाने ते शून्य स्वतः शोधावं. चटकन सापडत नाही, म्हणून तर शोधायचं. मग खाली उतरून मोकळ्या मैदानात ती बाग आखावी. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. मोठ्या माणसाचा हात धरला तर बाग सव्वाशे मीटरच्या आसपास लांब येईल. मुलांच्या हातांनी बरीच लहान येईल. मग कोणाचा हात खरा, यावर मुलं भांडतील. भांडू द्यावं. त्या भांडणातून मीटर का लागतो ते कळेल, आणि ते कुठल्याही चार्टवर चिकटवता येत नाही. नंतर 270 ला 187 ने गुणावं, फळ्यावर, सगळ्यांनी मिळून. उत्तर 50,490 चौरस हात. चौथीच्या मुलाला जमण्यासारखं गणित आहे.

एक अडचण मला आधीच दिसते आहे. एवढं मैदान शाळेकडे नाही. शिक्षण हक्काच्या कायद्याने शाळेला मैदान हवं म्हटलं आहे, पण जयेंद्रगंज, दौलतगंज, शिंदे की छावणी इकडच्या कितीतरी शाळा जुन्या कोठ्यांतून भरतात, आणि त्यांचं अंगण दोन व्हॅन उभ्या राहिल्या की संपतं. म्हणून बाग फूलबागेकडे आखू या, असं मी अर्जात सुचवलं आहे. दोरी मी आणतो, फक्की मी आणतो. शाळेने मुलं आणि मॅडम पाठवाव्यात, शाळेच्या वेळेत, आणि पालकांना निरोप चार दिवस आधी द्यावा.